महाविद्यालयाच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्राचा इतिहास लिहायचाय, सुरुवात कोणत्या सालापासून धरायची?

यवतेश्वर (सातारा)

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या 'मार्गदर्शन व मानसशास्त्रीय चाचणी केंद्रा'चा इतिहास लिहायचं काम हातात आहे. साधारण ४० पानांची पुस्तिका. उपलब्ध सामान असं:

दोन लोखंडी कपाटं. एकात कोह्‌सचे रंगीत ठोकळे, भाटिया बॅटरीची पेटी, रेव्हनच्या पुस्तिका, डीएटीच्या पुस्तिका (या सगळ्या बुद्धी किंवा क्षमता मोजायच्या चाचण्या) आणि दोन स्टॉपवॉच. दुसऱ्यात तीन जाड रजिस्टरं आणि सुट्या फायली. रजिस्टरात नाव, वर्ग, गाव, चाचणी, गुण, बुद्धिगुणांक (आयक्यू) आणि शेरा असे रकाने आहेत. डेडस्टॉक रजिस्टरात (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) पहिली चाचणी १९६४ साली खरेदी झाल्याची नोंद आहे.

माझे प्रश्न:
१. केंद्राची स्थापना १९६४ धरावी का?
२. देशातल्या आणि परदेशातल्या विद्यापीठांत ही सेवा कशी सुरू झाली, याची पार्श्वभूमी किती आणि कोणती द्यावी?
३. रजिस्टरातल्या बुद्धिगुणांकांची दशकवार सरासरी काढून तक्ता दिला तर चालेल का? संपादक मंडळाला तो हवा आहे.
४. जुन्या विद्यार्थ्यांची नावं, शेरे यांचं काय करायचं?

---

कृष्णाकाठ (कराड)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहणार आहे. १९६४ ही तारीख पक्की करू नका. डेडस्टॉकमध्ये नोंद झाली याचा अर्थ वस्तू कपाटात आली, एवढाच.

बी.ए.ला मानसशास्त्र हा विषय असला की प्रात्यक्षिकांसाठी हेच ठोकळे, याच पुस्तिका आणि हीच स्टॉपवॉच घ्यावी लागतात. विद्यार्थी एकमेकांवर चाचणी करतात, जर्नल लिहितात, सही घेतात. ते झालं अध्यापन. बाहेरच्या वर्गातला एखादा मुलगा 'मला पुढं काय जमेल' असं विचारत आला, त्याची चाचणी घेतली, निकाल समजावून सांगितला आणि नोंद ठेवली, तर ती सेवा. दोन्हींना सामान एकच लागतं, म्हणून पुष्कळ गौरवग्रंथांत प्रयोगशाळेच्या जन्मालाच समुपदेशन केंद्राचा जन्म म्हणून टाकलेलं दिसतं.

सेवा चालू होती हे तीन खुणांवरून ठरवा: माणूस, खपणारा माल आणि येणाऱ्याची नोंद.

माणूस म्हणजे या कामासाठी कुणाला तरी तास मिळाले होते का. जुनी वर्कलोड स्टेटमेंट, वेळापत्रकं, नेमणुकीचे आदेश आणि मानधनाची व्हाउचर काढा. आठवड्याला दोन तास का होईना, 'मार्गदर्शन' म्हणून मोकळे ठेवलेले दिसले की पाय रोवायला जागा मिळाली.

खपणारा माल म्हणजे उत्तरपत्रिका. पुस्तिका वर्षानुवर्षं टिकते, उत्तरपत्रिका एकदाच वापरता येते. त्या डेडस्टॉकमध्ये सापडणार नाहीत, कन्झ्युमेबल रजिस्टर आणि खरेदीची बिलं पाहा. समजा प्रात्यक्षिकाची तुकडी २० जणांची आहे. प्रत्येकाला सरावाची आणि प्रयोगाची धरून वर्षाला ४० उत्तरपत्रिका पुरतात. ज्या वर्षी खरेदी एकदम दोनशे-तीनशेवर जाते, त्या वर्षी प्रात्यक्षिकापलीकडं काहीतरी सुरू झालेलं असतं. रोजकीर्दीत 'चाचणी शुल्क' असं शीर्ष कधी उघडलं, तेही बघा. शुल्काच्या पावतीइतका चांगला साक्षीदार नाही.

तिसरी खूण तुमच्याकडं आहेच, ती तीन रजिस्टरं. पहिल्या रजिस्टरातल्या विद्यार्थ्यांचा वर्ग तपासा. सगळे बी.ए. मानसशास्त्राचेच असतील तर ते प्रात्यक्षिकाचं रजिस्टर आहे. एफ.वाय. कॉमर्स, प्री-डिग्री सायन्स असे वर्ग यायला लागले की तिथून सेवा.

कागद शोधताना एक खास सातारा-सांगलीची गोष्ट लक्षात ठेवा. इथल्या जुन्या महाविद्यालयांचं विद्यापीठ १९६२ पर्यंत दोनदा बदललंय. पुणे विद्यापीठ १९४९ साली झालं, तोवर सगळा कारभार मुंबई विद्यापीठाकडं. मग पुणे, आणि १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर कोल्हापूर. सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं आणि साताऱ्याचं छत्रपती शिवाजी महाविद्यालय १९४७ चं, म्हणजे दोघांचे कागद तिन्हीकडं विखुरलेले. तुमचं महाविद्यालय १९६२ च्या आधीचं असेल तर संलग्नतेच्या जुन्या अहवालांसाठी पुण्यातही विचारावं लागेल.

आणखी एक. सांगली जिल्ह्याला १९४९ ते १९६० या काळात 'दक्षिण सातारा' म्हणत. शिक्षण खात्याच्या त्या वर्षांतल्या याद्यांत 'सांगली' शोधत बसलात तर काही मिळायचं नाही, आणि 'सातारा' शोधलंत तर 'उत्तर सातारा' कुठला आणि 'दक्षिण' कुठला याची गल्लत होईल.

महाविद्यालयातच काय काय पाहायचं: दरवर्षीचं माहितीपत्रक, वार्षिक अंकाच्या शेवटी छापलेला प्राचार्यांचा अहवाल, स्थानिक व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं (२०१६ च्या कायद्यानंतर तीच महाविद्यालय विकास समिती झाली) आणि यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) उपयोगिता प्रमाणपत्रं. वाचताना अलीकडून मागं जा. माहितीपत्रकात केंद्राचं नाव शेवटचं कोणत्या रूपात आहे ते घ्या आणि एकेक वर्ष मागं सरका. नाव बदललं की थांबा, त्या वर्षीचं इतिवृत्त काढा. जुन्याकडून अलीकडं वाचत आलं की आपण नकळत हव्या त्या गोष्टीची सुरुवात शोधत बसतो आणि पहिल्या दिसलेल्या उल्लेखाला स्थापना म्हणून मोकळे होतो.

---

संगमघाट (सांगली)

कृष्णाकाठ यांनी नाव बदलण्याचा मुद्दा काढला, तोच धागा पकडून पार्श्वभूमीचं सांगते. या सेवेचा सगळा इतिहास तिच्या पाटीवर वाचता येतो.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९३२ साली ई. जी. विल्यमसन यांच्या हाताखाली जे केंद्र सुरू झालं त्याचं नाव होतं 'टेस्टिंग ब्यूरो'. म्हणजे चाचणी विभाग. पुढं त्याचंच 'स्टुडंट काउन्सेलिंग ब्यूरो' झालं. आधी चाचणी, मागून समुपदेशन. हा क्रम का लागला ते समजून घेतलं की तुमच्या कपाटातल्या सामानाचाही अर्थ लागतो.

१९०८ साली बॉस्टनमध्ये फ्रँक पार्सन्स यांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय काढलं. त्यांची मांडणी तीन पायऱ्यांची: माणसाला स्वतःची ओळख, कामधंद्यांची माहिती आणि या दोहोंची सांगड. पहिल्या पायरीसाठी हातात मोजपट्टी नव्हती. ती युद्धानं पुरवली. १९१७ मध्ये अमेरिकन सैन्यभरतीसाठी 'आर्मी अल्फा' आणि निरक्षरांसाठी 'आर्मी बीटा' या सामूहिक चाचण्या तयार झाल्या. एका वेळी एका मुलासमोर बसून घ्यायची बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची बुद्धिचाचणी कुठं आणि दालनभर लोकांना एकदम द्यायची छापील पुस्तिका कुठं! विद्यापीठांना हे दुसरं सोयीचं पडलं. १९२७ ला स्ट्राँग यांची अभिरुची चाचणी आली, म्हणजे क्षमतेबरोबर आवडही मोजता येऊ लागली. विल्यमसन यांच्या पद्धतीत समुपदेशक हा तज्ज्ञ शिक्षकासारखा: माहिती गोळा करणार, निदान करणार, सल्ला देणार.

याला उलटा प्रवाह कार्ल रॉजर्स यांचा. १९४२ पासून त्यांनी मांडलं की सल्ला देणं हे मुख्य काम नव्हे, विद्यार्थ्याला स्वतःचं ऐकता यावं अशी जागा तयार करणं हे काम. १९४५ मध्ये ते शिकागो विद्यापीठात गेले आणि तिथं समुपदेशन केंद्र उभं केलं. त्याच सुमारास युद्धावरून परतलेले लाखो सैनिक १९४४ च्या कायद्यातल्या सवलतींवर महाविद्यालयांत आले आणि त्यांच्या मार्गदर्शनासाठी सरकारनं विद्यापीठांशी करार केले. पैसा आला, जागा आली, माणसं आली. १९५१ च्या नॉर्थवेस्टर्न परिषदेनंतर 'समुपदेशन मानसशास्त्र' हे नाव रूढ झालं.

मनोविकारांवर उपचार ही मात्र वेगळीच वाट. प्रिन्स्टनमध्ये १९१० लाच विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्यसेवा सुरू झालेली होती, पण ती वैद्यकाच्या अंगानं. या दोन वाटा एकत्र यायला कित्येक दशकं गेली.

आता आपल्याकडं. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग निघाला आणि १९३८ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांच्या काळात उपयोजित मानसशास्त्राची शाखा. व्यवसाय मार्गदर्शनाचा उगम साधारण तिथं धरतात. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेनं (आजची टिस) १९३७ ला बाल मार्गदर्शन चिकित्सालय काढलं. १९४७ मध्ये अलाहाबादला उत्तर प्रदेश सरकारचा मानसशास्त्र विभाग आणि १९५० मध्ये मुंबई सरकारचा व्यवसाय मार्गदर्शन विभाग. तुमच्यासाठी यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा. पुढं त्याचीच व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था झाली आणि तिनं माध्यमिक शिक्षकांना 'करिअर मास्टर' म्हणून तयार केलं. तुमच्या महाविद्यालयात ज्यांनी पहिल्यांदा हे काम पाहिलं त्यांच्या सेवापुस्तकात या प्रशिक्षणाची नोंद आहे का, जरूर शोधा. पुणे विद्यापीठात १९५० ला प्रा. व्ही. के. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला, मुंबई विद्यापीठात १९५९ ला उपयोजित मानसशास्त्राचा. इथल्या महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवायला आलेली पहिली पिढी या दोन ठिकाणची असण्याची शक्यता मोठी. प्रायोगिक विभागातून आलेला प्राध्यापक प्रयोगशाळा उभी करणार आणि उपयोजितवाला मार्गदर्शनाकडं झुकणार, हे अगदी स्वाभाविक.

एक गोष्ट ठासून लिहा: आपल्याकडं महाविद्यालयीन मार्गदर्शनाचं मूळ दवाखान्यात कमी आणि नोकरीच्या प्रश्नात जास्त आहे. विद्यापीठातलं रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्र, मग अकराव्या योजनेतली (२००७ ते २०१२) यूजीसीची 'करिअर अँड काउन्सेलिंग सेल' ही योजना, या सगळ्यांत 'करिअर' आधी आणि 'काउन्सेलिंग' मागून. मनाच्या आरोग्याचं बोलणं आत आलं ते दुसऱ्या दारानं. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांत व्यावसायिक समुपदेशकांची मदत घ्यायला सांगितलं. २०१५ च्या विद्यार्थी सुरक्षाविषयक सूचनांत २५ विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक-समुपदेशक अशी कल्पना आली. आणि २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा असं बजावलं.

पार्श्वभूमी किती द्यावी? ४० पानांत सहापेक्षा जास्त नको, आणि त्यातही परदेशाला दीडच पान. प्रत्येक राष्ट्रीय घटनेपुढं 'त्या वर्षी आपल्या केंद्रात काय होतं' हे एक वाक्य लिहिता येत नसेल, तर ती घटना गाळा.

---

शततमक (मिरज)

तिसऱ्या प्रश्नावर स्पष्टच सांगतो. दशकवार सरासरीचा तक्ता छापू नका. संपादक मंडळाला कितीही हवा असला तरी नको. कारणं एकेक करून देतो, म्हणजे त्यांना दाखवता येतील.

पहिलं, 'बुद्धिगुणांक' या एका रकान्यात तीन वेगवेगळ्या जातींचे आकडे बसलेले असणार.

बिने-कामत चाचणी असेल तर आकडा गुणोत्तराचा. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, त्यामुळं आपल्या भागात ती फार चालली. तिचा हिशेब असा. समजा मुलगा १२ वर्षं ६ महिन्यांचा. ९ वर्षांच्या पातळीवरचे सगळे प्रश्न सुटले, म्हणून पाया १०८ महिने. १० च्या पातळीवर ४ सुटले, प्रत्येकी २ महिने, ८ मिळाले. १२ च्या पातळीवर ३, प्रत्येकी ४ महिने, १२ मिळाले. १४ च्या पातळीवर १, म्हणजे ४. बेरीज १३२ महिने, मानसिक वय ११ वर्षं. कालिक वय १५० महिने. १३२ भागिले १५० गुणिले १०० बरोबर ८८. शाळकरी मुलाला हे ठीक. पण मानसिक वय काही आयुष्यभर वाढत राहत नाही. २१ वर्षांच्या पदवीधराचं खरं वय भाजकात घातलं तर बुद्धिगुणांक उगाच खाली येतो. म्हणून बिनेची अमेरिकन आवृत्ती (स्टॅनफर्ड-बिने) करणाऱ्या टर्मन यांनी १९१६ च्या आवृत्तीत भाजक १६ वर्षांवर थांबवला आणि १९३७ च्या आवृत्तीत १५ वर. तुमच्या रजिस्टरात परीक्षकानं कोणता भाजक घेतला होता? कच्ची आकडेमोड शेजारी नसेल तर ते कळायला मार्ग नाही.

वेक्स्लर पद्धतीचा आकडा विचलनाचा: सरासरी १००, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) १५. स्टॅनफर्ड-बिनेनं १९६० मध्ये विचलन पद्धत घेतली तेव्हा प्रमाण विचलन १६ ठेवलं. म्हणजे एकीकडचे १३० आणि दुसरीकडचे १३२ एकाच जागेवर बसतात. यांची सरासरी काढणं म्हणजे शेर आणि किलो एकत्र मोजणं.

रेव्हनचा तर बुद्धिगुणांक नसतोच. ६० प्रश्न, अ ते इ असे पाच संच, प्रत्येकी १२. निकाल शततमकात (शंभरातले किती जण आपल्या खाली आहेत तो आकडा) आणि श्रेणीत. श्रेणी १ म्हणजे ९५ व्या शततमकाच्या वर, श्रेणी ५ म्हणजे ५ व्याच्या खाली. रजिस्टरात 'II+' असं दिसलं तर ते ९० व्या शततमकाच्या वरचं आहे, नापासाच्या जवळचं नव्हे. नवख्या माणसानं नक्कल करताना हे हटकून उलटं होतं. आणि शततमकांची सरासरी काढू नये. ५० वरून ५५ वर जाणं आणि ९४ वरून ९९ वर जाणं दिसायला सारखंच पाच-पाच, पण मूळ मापावर दुसरी उडी सुमारे सहापट मोठी. फारच लागलं तर मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या.

दुसरं कारण मानकांचं, म्हणजे ज्या गटाच्या गुणांशी तुलना करायची त्या तक्त्यांचं, ज्याला आपण सगळे नॉर्म्स म्हणतो. भाटिया बॅटरी १९५५ ची. तिची मानकं उत्तर प्रदेशातल्या ११ ते १६ वर्षांच्या मुलांवरची, साक्षर आणि निरक्षर वेगळी. मुलग्यांची. तुमच्या रजिस्टरात १९ वर्षांच्या मुलीपुढं भाटियाचा बुद्धिगुणांक लिहिलेला असला तर तो आकडा कुठल्याच तक्त्यात बसत नाही. कच्चे गुण मात्र नोंदवण्यासारखे: कोह्‌स २५, पासअलाँग २०, नमुना रेखाटन २०, ध्वनींचं तात्कालिक स्मरण १५, चित्रजुळणी १५, एकूण ९५ पैकी.

शिवाय जुन्या मानकांवर नवी पिढी दर दशकाला साधारण ३ गुणांनी वर सरकलेली दिसते, असं अमेरिकेतल्या आकडेवारीत आढळलंय. तेव्हा १९५५ ची मानकं घेऊन १९८५ ला चाचणी केली आणि सरासरी वाढलेली दिसली, तर 'महाविद्यालयाचा दर्जा उंचावला' असं वाक्य कुणीतरी लिहून मोकळं होईल. ते वाक्य टाळायचंय.

तिसरं कारण सामानाचं. पासअलाँगची पेटी उघडून बघा. उथळ लाकडी चौकट, तिची एक कड लाल, एक निळी. आत लाल-निळ्या चपट्या लाकडी सोंगट्या. त्या न उचलता नुसत्या सरकवून लाल सोंगट्या लाल कडेला आणि निळ्या निळ्या कडेला आणायच्या. पहिल्या चार आकृत्यांना २ मिनिटं, पुढच्या चारांना ३ मिनिटं. आता साताऱ्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, सोंगटी अडते, मुलगा बोटानं दाबून ढकलतो आणि सेकंद निघून जातात. जुलै-ऑगस्टच्या नोंदी आणि डिसेंबरच्या नोंदी शेजारी ठेवून बघा, फक्त पासअलाँगचे गुण पडलेले दिसले तर दोष पेटीचा. तसंच कोह्‌सच्या ठोकळ्यांचं. ठोकळा एक इंचाचा घन. हरवलेल्याच्या जागी सुताराकडून करून घेतलेला ठोकळा केसभर मोठा असला तरी रचना नीट मिटत नाही. रंग उडालेला असला तर लाल-पांढऱ्या कर्णाची बाजू ओळखायलाच वेळ जातो. आणि पुस्तिकांची पानं उजेडात तिरपी धरा. पर्यायांजवळ आधीच्या मुलांच्या पेन्सिलीचे पुसट ठिपके दिसतील. पुस्तिका परत परत वापरल्या की हे होतंच, त्यानं मागून येणाऱ्याचे गुण फुगतात.

मग रजिस्टराचं करायचं काय? मोजा, पण माणसं मोजा. दरवर्षी किती आले, कोणत्या शाखेचे, मुली किती, कोणती चाचणी किती वेळा वापरली, कोणत्या महिन्यात गर्दी. निकालानंतर जूनमध्ये गर्दी असेल तर केंद्र शाखानिवडीसाठी चालत होतं. फेब्रुवारीत असेल तर परीक्षेच्या ताणासाठी. या तक्त्यांतून केंद्राचं खरं काम दिसेल.

आणखी एक सूचना: फायलींत दहावीच्या 'कल चाचणी'चे २०१६ नंतरचे कागद मिळाले तर ते वेगळे काढा. ती राज्य मंडळानं शाळांतून घेतलेली, आणि सुरुवातीला तरी ती आवड मोजणारी, क्षमता नव्हे. विद्यार्थी प्रवेशावेळी ते कागद घेऊन आलेला असतो. केंद्रानं ती घेतली असं लिहिलंत तर चूक होईल.

---

यवतेश्वर (सातारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. शततमक, तुम्ही म्हणता तसं वर्ग आणि महिना पाहिला. पहिलं रजिस्टर पूर्णपणे बी.ए. मानसशास्त्राचं आहे. दुसऱ्याच्या मध्यापासून, १९७३ च्या जूनपासून, इतर शाखांची मुलं दिसतात. म्हणजे कृष्णाकाठ म्हणतात त्याप्रमाणं प्रयोगशाळा १९६४ आणि सेवा १९७३ असं वेगळं लिहावं लागेल. त्या वर्षीच्या वर्कलोडचे कागद शोधतोय.

चौथा प्रश्न राहिला आहे. शेऱ्याच्या रकान्यात फार खासगी मजकूर आहे. घरचं भांडण, लग्नाचा दबाव, झोप न येणं. एकदोन शेरे नाव न घेता उदाहरण म्हणून द्यावेत असं मंडळाला वाटतं. शिवाय चाचण्यांच्या पानांचे फोटोही छापायचे आहेत.

---

संगमघाट (सांगली)

शेरे देऊ नका. नाव काढलं म्हणजे ओळख गेली, असं मोठ्या शहरात कदाचित होत असेल. आपल्याकडं 'जावळी तालुका, १९७८, बी.एस्सी., मुलगी' एवढं लिहिलं की गावातल्या निम्म्या लोकांना ती कोण ते कळतं. त्या बाई आज साठीच्या पुढं असतील, त्यांची नातवंडं कदाचित त्याच महाविद्यालयात शिकत असतील. त्यांनी दार लावून, विश्वासानं सांगितलेलं ते बोलणं आहे. पन्नास वर्षं झाली म्हणून ते आपलं होत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. तुमच्या सगळ्या फायली त्या कायद्याच्या शब्दांत बसोत न बसोत, माप तेच लावा. रजिस्टर स्कॅन करायचा विचार असेल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही डोळ्यांसमोर ठेवा. स्कॅन करून पेन ड्राइव्ह मंडळात फिरवणं हा सगळ्यात मोठा धोका.

कामाची पद्धत अशी ठेवा. मोजणी एकाच माणसानं करावी, केंद्राच्या खोलीतच बसून. वहीत नाव उतरवायचंच नाही, फक्त वर्ष, महिना, शाखा, स्त्री-पुरुष, चाचणी. गावाऐवजी फक्त 'तालुक्यातला' की 'बाहेरचा'. छापील तक्त्यात कुठल्याही चौकटीत ५ पेक्षा कमी संख्या आली तर ती न देता शेजारच्या वर्षात मिळवा. शेऱ्यांतून विषय काढायचे असतील तर दहा वर्षांचा गठ्ठा एकत्र घ्या: शाखानिवड, अभ्यासाच्या सवयी, घरचे प्रश्न, आरोग्य. बस एवढंच. 'घरचे प्रश्न' या सदराखाली मुलींची संख्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आली, तर तीही मोठीच ऐतिहासिक नोंद आहे, त्यासाठी कुणाचं दुःख छापायची गरज नाही.

पदनामांचंही सांभाळा. जुन्या प्राध्यापकांना आदरापोटी 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' म्हणू नका. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानंतर त्या नावाला नोंदणी लागते. नेमणुकीच्या आदेशात जे लिहिलंय तेच लिहा: मार्गदर्शक प्राध्यापक, मानद समुपदेशक, जे असेल ते. त्यांचं काम त्यानं तसूभरही कमी होत नाही.

---

शततमक (मिरज)

फोटोंबद्दल: प्रश्नांची पानं, उत्तरतालिका, रोर्शाखची (शाईच्या डागांची) किंवा टीएटीची (ज्यांवरून गोष्ट सांगायची ती) चित्रं यातलं काही छापायचं नाही. रेव्हन आजही वापरात आहे. प्रश्न आधी पाहिलेल्या मुलावर ती चाचणी निकामी होते, आणि पुस्तिका साताऱ्यात घरोघरी जाणार. स्वामित्वहक्काचा प्रश्न वेगळाच. पेटी झाकण लावून, ठोकळे ढीग करून (रचना न दाखवता), स्टॉपवॉच, उत्तरपत्रिकेचा कोरा मथळा आणि मॅन्युअलचं मुखपृष्ठ, एवढे फोटो पुष्कळ झाले.

---

कृष्णाकाठ (कराड)

१९७३ हे साल तर चांगलंच हाताला लागलं. जूनच्या आधीच्या सहा महिन्यांची स्थानिक समितीची इतिवृत्तं वाचा. ठराव मिळाला नाही तर त्या वर्षीचं माहितीपत्रक आणि पुढच्या वर्षीचं शेजारी ठेवा. तेही नसेल तर नगरवाचनालयात दैनिक 'ऐक्य'चे जूनचे अंक बघा, प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांच्या जाहिराती असतात. जाहिरातीत मार्गदर्शनाचा उल्लेख आला असेल तर तारखेसह पुरावा झाला. ठराव मिळेपर्यंत पुस्तिकेत 'स्थापना' हा शब्द वापरू नका, 'जून १९७३ पासून इतर शाखांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी आढळतात' असं लिहा.

अलीकडच्या वर्षांसाठी नॅकचे (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचे) स्वयंमूल्यमापन अहवाल वापराल, तिथं जपून. 'समुपदेशनाचा लाभ घेतलेले विद्यार्थी ६००' असं असलं तर मागची उपस्थितीपत्रकं काढा. पुष्कळदा तो एका सभागृहातल्या व्याख्यानाचा आकडा असतो. व्याख्यानाला बसलेले आणि खोलीत एकटे येऊन बोललेले, हे दोन रकाने वेगळेच हवेत.

आणि रजिस्टरं हाताळताना: गंजलेल्या टाचण्या आणि यू-पिना हलक्या हातानं काढा, कागद सुती फितीनं बांधा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरासकट निघते. लॅमिनेशन तर अजिबात नको. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि मेअखेर बदला, जूनमध्ये ओल धरायच्या आत. प्रत्येक पानाला मोजणी सुरू करण्याआधीच उजव्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं क्रमांक घाला, म्हणजे तळटीप देताना नावाऐवजी 'रजिस्टर २, पान ११४' एवढंच पुरेल.